पुढचे ब्रेक बदलल्यावर खरखर आवाज, शेवटी नीट शोधून दिला (पाचपैकी साडेचार)

पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड आणि डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, ब्रेक मारला की पॅड तिच्यावर दाबले जातात) नवीन टाकले आणि गाडी बाहेर काढल्यापासून डावीकडून खर्र खर्र सुरू. ज्या गॅरेजने काम केलं त्यांचं एकच उत्तर, नवीन पॅड आहेत, चालवा थोडे दिवस, बसतील. आता पॅड बसायला, म्हणजे डिस्कशी नीट जुळायला, वेळ लागतो हे खरंय, सुरुवातीला हलका घासल्यासारखा आवाज येतो, पण तो ब्रेक दाबल्यावर येतो आणि हळूहळू कमी होतो. आमचा तर ब्रेकला पाय न लावताही येत होता!! म्हणून दुसऱ्या मेकॅनिककडे नेली, हा रिव्ह्यू त्यांच्या कामाचा.

सगळ्यात आवडलं ते हे की त्यांनी आल्या आल्या चाक खोललं नाही. आधी शेजारी बसून एक चक्कर मारली, काचा खाली, एसी बंद, आणि प्रश्न विचारत गेले. ब्रेक दाबल्यावर आवाज वाढतो का, वळताना बदलतो का, स्पीडबरोबर फास्ट होतो का. ब्रेक दाबल्यावरच लोखंडावर लोखंड घासल्यासारखं येत असेल तर पॅड नाहीतर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) बघायचं, एका बाजूला वळताना घूं घूं वाढत असेल तर चाकाच्या बेअरिंगचा संशय, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला लयीत खरखर येत असेल नि ब्रेकशी काही देणंघेणं नसेल तर बहुतेक वेळा डिस्कच्या मागचा पातळ पत्रा, म्हणजे डस्ट शील्ड, नाहीतर मधे अडकलेला खडा.

मग गाडी जॅकवर घेऊन चाक काढलं, डिस्क नटांनी हबला (ज्यावर डिस्क आणि चाक बसतं तो मधला भाग) आवळून धरली आणि हाताने फिरवली. एका ठरावीक जागी खर्र, पुढे शांत, परत तिथेच खर्र. टॉर्च मारून दाखवलं तर डिस्कच्या मागच्या कडेला बारीक चकचकीत रेघ आणि समोर पत्र्यावर नखाएवढा घासून उजळलेला डाग. जुनी डिस्क गंजून हबला चिकटलेली असते, ती ठोकून काढताना हा पत्रा सहज वाकतो. त्यांनी तो हातानेच मागे दाबला, परत फिरवून बघितलं, आवाज गायब. पार्ट काहीच बदलावा लागला नाही.

दुसरा कोणी असता तर इथेच चाक लावून मोकळा झाला असता. यांनी डिस्क काढून मागे बघितलं तर हबवरचा गंज साफच केलेला नव्हता. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला की डिस्क किंचित तिरकी बसते आणि पुढे जाऊन पेडलला थरथर यायला लागते. वायर ब्रशने घासून काढला. कॅलिपर ज्यावर मागेपुढे सरकतो ती एक स्लाइड पिन पण कोरडी पडली होती, तशीच ठेवली असती तर पॅड नीट मागे सरकले नसते आणि एका बाजूचा लवकर झिजला असता. पिन साफ करून ब्रेकचंच ग्रीस लावलं, साधं ग्रीस चालत नाही, पिनचं रबर फुगतं. चाकाचे नट टॉर्क रेंचने (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा पाना) एकाआड एक समोरासमोरचे आवळले, हे मला फार महत्त्वाचं वाटतं कारण बरेच जण नट आवळायच्या मशीन गनने ठोकून मोकळे होतात.

शेवटी पॅड कसे बसवायचे तेही सांगितलं. मोकळ्या रस्त्यावर साधारण 50 च्या स्पीडवरून 10 पर्यंत मध्यम ब्रेक मारायचा, पूर्ण थांबायचं नाही, मधे ब्रेक गार होऊ द्यायचे, असं वीसेक वेळा, आणि त्यानंतर काही दिवस गरज नसताना करकचून ब्रेक नको. तसंच केलं, आता पेडल एकदम टाइट लागतं आणि आवाज अजिबात नाही.

अर्धा स्टार कापला कारण उजवी बाजू मी सांगितल्यावर उघडली (तिथेही हबवर तोच गंज निघाला) आणि काय काय केलं ते बिलावर लिहून दिलं नाही. गेलात तर दोन्ही बाजू बघायला आधीच सांगा आणि बिलावर लिहून मागा.