लिलावातून घेतलेलं एक नाणं: कॅटलॉगला पाच स्टार, बाकीच्याला तीन

आधीच सांगतो, कंपनीचं नाव लिहिणार नाही. तक्रार एका लॉटपुरती, म्हणजे लिलावातल्या एका नगापुरती आहे. घेतलं काय तर १८८४ चा मॉर्गन डॉलर, म्हणजे अमेरिकेचं जुनं चांदीचं एक डॉलरचं नाणं, कार्सन सिटी टाकसाळीचा, ग्रेडिंगवाल्यांच्या, म्हणजे नाण्याचा दर्जा ठरवणाऱ्या कंपनीच्या, प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद, म्हणजे ज्याला सगळे स्लॅब म्हणतात तो, ग्रेड एमएस ६५, म्हणजे न वापरलेलं नाणं, ७० पैकी ६५. नाणं अस्सल आहे, वेळेवर आलं, पॅकिंग तर असं की उघडायला कात्री कमी आणि धीर जास्त लागला. तरी पूर्ण मार्क का देत नाहीये ते खाली.

पहिलं कौतुक कॅटलॉगचं, कारण खरंच तोड नाही. माझ्यासारख्या किरकोळ माणसाचा लॉट आणि कोट्यधीशांचे लॉट एकाच कॅटलॉगमध्ये, फरक एवढाच की माझ्या नाण्याला चार ओळी आणि त्यांच्या नाण्याला चार पानं. पण ती चार पानं वाचायला मिळतात ना फुकट! नाणं कोणाकडून कोणाकडे गेलं, कुठल्या साली कुठल्या लिलावात आलं, सगळी वंशावळ. या धंद्यात वंशावळीला भयंकर भाव आहे. लुई एलियासबर्ग म्हणून बाल्टिमोरचा एक बँकर होता, त्याने १९५० पर्यंत अमेरिकेचं तेव्हा माहीत असलेलं प्रत्येक सालाचं आणि प्रत्येक टाकसाळीचं नाणं गोळा करून संच पुरा केला, आता त्याच्याकडून निघालेल्या नाण्याच्या लेबलवर त्याचं नाव छापतात आणि तेवढ्या नावासाठी लोक वर पैसे मोजतात. नाणं तेच, पण खानदानी झालं.

आणि १९३३ च्या डबल ईगलची गोष्ट तर नाणी जमवणाऱ्या कोणालाही विचारा. वीस डॉलरचं सोन्याचं नाणं, ४,४५,५०० पाडली आणि सोन्याची नाणी चलनातून काढल्यामुळे जवळपास सगळी वितळवून टाकली, काही बाहेर सटकली, त्यातलं एक इजिप्तच्या राजा फारूककडे पोचलं. खाजगी मालकाला कायद्याने ठेवता येतं असं एकच मानलं जातं, ते २००२ मध्ये ६६ लाख डॉलरला गेलं, वर लिलाव कंपनीचा १५ टक्के प्रीमियम, आणि त्याच्याही वर वीस डॉलर वेगळे! का, तर ते नाणं सरकारने कधी अधिकृतपणे चलनात आणलंच नव्हतं म्हणून त्याची दर्शनी किंमत सरकारी खजिन्यात भरावी लागली. एकूण ७५,९०,०२० डॉलर. मला त्या शेवटच्या वीसचं फार हसू येतं. २०२१ मध्ये तेच नाणं १ कोटी ८८ लाखांच्या पुढे गेलं.

आता बोली. ॲप चांगलं आहे, अडकलं नाही. आधी कमाल बोली टाकून ठेवता येते, मी टाकली, आणि ठरवलं होतं की याच्या वर जायचं नाही, म्हणजे नाहीच. मग लाइव्ह सुरू झाल्यावर समोर कोणीतरी एक पायरी वर गेला, मी म्हटलं एकच पायरी, तो परत गेला, मी परत, आणि पाच-सात सेकंदांत माझ्या ठरवण्याची पार वाट लागली. ॲपला पाच पैकी पाच, मला शून्य.

प्रीमियमचं नीट समजून घ्या, नवीन माणूस इथेच फसतो. हातोडा पडतो ती किंमत वेगळी आणि तुम्ही भरता ती वेगळी. हातोड्यावर २० टक्के बायर्स प्रीमियम, मग शिपिंग, मग विमा. यात लपवाछपवी काही नाही, नियमांत स्वच्छ लिहिलंय, पण बोली लावताना स्क्रीनवर मोठ्या अक्षरात हातोड्याचाच आकडा दिसतो आणि डोकं तोच धरून बसतं. मोठ्या लोकांनाही हे चुकत नाही बरं का, सीझरला मारणाऱ्या ब्रुटसचं ते आयडीज ऑफ मार्चवालं, म्हणजे त्या खुनाच्या दिवसाचं, सोन्याचं नाणं, एका बाजूला त्याचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला दोन खंजीर, २०२० मध्ये लंडनच्या लिलावात २७ लाख पौंडांवर हातोडा पडला आणि बिल झालं ३२ लाख ४० हजार. त्या नाण्याचं पुढे काय झालं तेही सांगतो, थांबा.

पार्सल आलं. डबी बाहेर काढली, लेबलवरचा नंबर ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर टाकला, जुळला, फोटोही तोच. मग टेबल लॅम्पखाली धरली आणि थोडी तिरकी केली. मॉर्गन डॉलरवर लिबर्टीचा, म्हणजे स्वातंत्र्यदेवीचा, मोठा चेहरा असतो, गाल एकदम सपाट आणि मोकळा, त्यामुळे लपवायला जागाच नाही. त्या गालावर, डोळ्याच्या खाली, एक आडवी खूण. नखाएवढी नाही, पण एकदा दिसली की मग दुसरं काही दिसत नाही. या नाण्यांच्या हजार-हजारच्या पिशव्या असायच्या, तिजोरीत वर्षानुवर्षं एकमेकांवर आपटत पडलेल्या, त्यात असे ओरखडे येतातच, त्यांना बॅग मार्क म्हणतात. राग त्याचा नाही. राग याचा की फोटोत लाइट असा मारलाय की गाल आरशासारखा गुळगुळीत आणि ती खूण गायब. दुरून डोंगर साजरे, तसं.

मेल टाकला. उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं आणि सभ्य भाषेत आलं, त्याचे मार्क देतो. उत्तर असं की स्लॅबमधली नाणी परत घेत नाही, ग्रेड त्रयस्थ कंपनीने दिलाय, आणि एमएस ६५ मध्ये थोड्या खुणा चालतात. हे खरं आहे. १ ते ७० ची ही पट्टी शेल्डन नावाच्या माणसाने १९४९ मध्ये आणली, ती पण जुन्या तांब्याच्या सेंटसाठी, कल्पना अशी की ७० वालं नाणं १ वाल्याच्या सत्तरपट किमतीचं. ते गणित कधीच मोडलं, आकडे तेवढे राहिले. आज ६५ आणि ६७ मध्ये डोळ्याला दिसणारा फरक ओरखडा-दोन ओरखड्यांचा, किमतीत मात्र कित्येक पटींचा. श्रीमंत लोकांची यात चुरस चालते, कोणाचा संच सर्वात वरच्या ग्रेडचा याच्या ऑनलाइन याद्याच असतात, आणि वरून पहिलं यायला जे एक नाणं कमी पडतं त्यासाठी दोघं भिडले की भाव कुठल्या कुठे जातो.

खरी तक्रार शब्दाची आहे. माझ्या चार ओळींत ‘दुर्मिळ’ लिहिलं होतं. कार्सन सिटी म्हटलं की सगळे हरखतात, नाण्याच्या मागे ते दोन छोटे सी बघून मीही हरखलो. पण १८८४ ची ११ लाखांहून जास्त पाडली होती आणि त्यातली बहुतेक सरकारी तिजोरीतच पडून राहिली, ती १९७२ पासून सरकारनेच लोकांना टपालाने विकली. म्हणजे जुनं आहे, देखणं आहे, पण दुर्मिळ? दुर्मिळ मॉर्गन म्हणजे १८९३ चा सॅन फ्रान्सिस्कोचा, जो एक लाखच पाडला. हे मी घेण्याआधी वाचायला हवं होतं, मान्य. पण कॅटलॉग लिहिणाऱ्याला तर माहीत होतंच की.

मोठे संग्राहक असे अडकत नाहीत, कारण त्यांचा माणूस आधी जाऊन नाणं हातात घेऊन, भिंग लावून बघून येतो, साधारण पाच टक्के घेतो आणि नको म्हणायचेच जास्त पैसे घेतो असं म्हटलं तरी चालेल. माल विकायला देतानाही मोठ्यांना कमिशन माफ होतं, आगाऊ पैसे मिळतात. आपल्याला छापील दर. तरी पैशाने सगळं होतं असंही नाही. १७९४ चा तो प्रसिद्ध चांदीचा डॉलर २०१३ मध्ये एक कोटी डॉलरच्या वर गेला होता, २०२० मध्ये परत लिलावात आणला तर राखीव किमतीपर्यंत बोलीच पोचली नाही, विकलाच गेला नाही, २०२२ मध्ये खाजगीत १ कोटी २० लाखांना गेला तेव्हा सुटका. आणि ते खंजीरवालं नाणं? त्याची कागदावरची वंशावळ खोटी निघाली, अमेरिकेत जप्त होऊन २०२३ मध्ये ग्रीसला परत गेलं. त्यापुढे माझा ओरखडा म्हणजे काहीच नाही, हे मी स्वतःला रोज सांगतो.

तर घ्यावं का? स्लॅबचा नंबर तपासून, प्रीमियम आधीच धरून, आणि तिरक्या उजेडातला फोटो मागून घेतला तर जरूर घ्या. मागितला तर पाठवतात, मला नंतर कळलं. डिलिव्हरीला पाच, वागण्याला चार, फोटोला दोन.

परवा त्यांचाच मेल आला की तुमचा १८८४ कार्सन सिटी पुढच्या लिलावात विकायला देता का, मागणी चांगली आहे. मी विचारलं, नाणं फोटोसाठी पाठवावं लागेल का. म्हणाले, फोटोची काळजी नको, जुने आहेतच आमच्याकडे.