इतिहासवाल्यांनी वेबसाइट बनवायला कुठे शिकावं: 'द प्रोग्रामिंग हिस्टोरियन'चा माझा अनुभव

मी मुंबईतल्या एका कॉलेजात इतिहास शिकवते, सीएचबीवर, म्हणजे घेतलेल्या तासांचेच पैसे, मे महिन्यात तास नाहीत तर पैसेही नाहीत. सोबत पीएचडी चालू आहे, विषय गिरणगावातल्या खानावळी आणि त्या चालवणाऱ्या बायका. आणि गेली तीन वर्षं मी वेबसाइट्स पण बनवते, आधी स्वतःच्या रिसर्चसाठी बनवली, मग ओळखीतल्यांच्या, आता सुट्टीचे महिने त्यावरच निघतात. स्टाफरूममध्ये, सेमिनारला, लेडीज डब्यात कोणी ना कोणी विचारतंच की मॅडम हे शिकलात कुठे, म्हणून एकदा नीट लिहिते.

आधी मी क्लास लावला होता. नाव घेत नाही, दादरला होता, शनिवार-रविवार, 28 हजार फी. शिकवणारा मुलगा हुशार होता, पण पहिल्या दिवसापासून शॉपिंग कार्ट, लॉगिन पेज, पुन्हा शॉपिंग कार्ट. मी एकदा विचारलं की माझ्याकडे एक्सेलमध्ये साडेसहाशे खानावळींच्या नोंदी आहेत, काही जुन्या कागदांतून उतरवलेल्या, काही मुलाखतींतून, त्या नकाशावर कशा आणायच्या? तर म्हणाला ते सिलॅबसमध्ये नाही. दोन महिन्यांनी जाणं बंद केलं आणि फी गेलीच, ते अजून लागतं मनाला.

मग एका सीनियर मैत्रिणीने प्रोग्रामिंग हिस्टोरियनची लिंक पाठवली. ही कोडिंगचे धडे देणारी साइट 2008 मध्ये कॅनडातल्या दोन इतिहासकारांनी सुरू केली, विल्यम टर्केल आणि ॲलन मॅकएकर्न. पूर्ण फुकट आहे, लॉगिन नाही, जाहिराती नाहीत. प्रत्येक धडा छापायच्या आधी रीतसर पीअर रिव्ह्यू होतो, म्हणजे दुसरे जाणकार तो तपासतात, जसा जर्नलमधल्या लेखाचा होतो तसा, आणि धडे लिहिणारे आपल्यासारखेच इतिहास, साहित्य, लायब्ररीवाले लोक. इंग्लिश, स्पॅनिश, फ्रेंच आणि पोर्तुगीज अशा चार भाषांत आहे.

मला काय आवडलं सांगते. इथे सुरुवातच आपल्या प्रश्नापासून होते. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेचे सुरुवातीचे धडे लंडनच्या ओल्ड बेली कोर्टातला 1780 चा एक खटला घेऊन शिकवतात, दंगलीतल्या आरोपीचा. वेब पेज उतरवून घ्यायचं, त्यातले टॅग, म्हणजे पान कसं दिसावं हे सांगणाऱ्या खुणा, काढायचे, शब्द वेगळे करायचे, मोजायचे. हे करता करता एचटीएमएल, म्हणजे वेब पेज लिहायची भाषा, नक्की काय हे मला कळलं, कारण मला तो मजकूर वाचायचाच होता! क्लासमध्ये दोन महिने टॅग पाठ करून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका रविवारी शिरलं.

पण माझ्यासाठी सगळ्यात मोलाचा धडा ओपनरिफाइनचा. हे घाण डेटा साफ करायचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ब्राउझरमध्ये उघडतं पण चालतं आपल्याच कॉम्प्युटरवर, डेटा बाहेर कुठे जात नाही. ज्या बायकांनी विश्वासाने मला पत्ते आणि हिशेब दाखवले त्यांचा डेटा असताना हे मला फार महत्त्वाचं वाटलं. धड्यातलं उदाहरण सिडनीच्या पॉवरहाऊस म्युझियमच्या यादीचं आहे, त्यात क्लस्टरिंग शिकवलंय, म्हणजे एकाच गोष्टीची वेगवेगळी स्पेलिंग्ज एकत्र आणायची. माझ्या यादीत लालबाग होतं, लालबाघ होतं, डिलाईल रोड आणि डिलाइल रोड होतं. मी धड्याबरहुकूम सगळं केलं, नियरेस्ट नेबर, म्हणजे जवळपास सारखे शब्द शोधायची पद्धत, लावलं आणि एकही जोडी सापडली नाही. दोन रात्री गेल्या. मग लक्षात आलं, तिथे ब्लॉक चार्स नावाचा एक आकडा असतो, तो मुळात 6 असतो, म्हणजे दोन शब्दांत सलग सहा अक्षरं सारखी असतील तरच मशीन त्यांची तुलना करायला घेतं. आपण लालबाग वाचतो तेव्हा चार अक्षरं वाचतो, कॉम्प्युटर काना वेगळा मोजतो म्हणून त्याला ती सहा दिसतात, पण लालबाग आणि लालबाघमध्ये सलग सारखी पाचच. आकडा 3 केला आणि एका झटक्यात पन्नासेक जोड्या खाली येऊन उभ्या राहिल्या. रात्रीचे दीड वाजले होते, मी आईला उठवून दाखवलं.

आणि तिथेच दुसरी गोष्ट कळली. डिलाईल रोड आणि ना. म. जोशी मार्ग हा एकच रस्ता आहे, हे कुठलंही क्लस्टरिंग सांगणार नाही, स्पेलिंग कितीही जुळवा. ते मला माहीत आहे म्हणून मी जोडलं. तेव्हापासून मला हे कोडिंग इतिहासापासून वेगळं वाटतच नाही, यादी साफ करताना मी साधनचिकित्साच, म्हणजे इतिहासाची साधनं पारखून घ्यायचं कामच, करत असते.

नकाशाचाही धडा आहे, पायथन आणि लीफलेटचा, लीफलेट म्हणजे वेब पेजवर नकाशा दाखवायचं साधन. पत्ते दिले की अक्षांश-रेखांश काढून मिळतात, पण 'भारतमाता सिनेमाच्या मागची गल्ली, नळाजवळ' असा पत्ता त्याला कसा कळणार, त्यामुळे अर्ध्याहून जास्त पिना मी हाताने टाकल्या, त्यासाठी लालबाग-परळला तीन शनिवार चालले. एक लक्षात ठेवा, जिओजेसनमध्ये, म्हणजे नकाशाचा डेटा ठेवायच्या फाइलमध्ये, रेखांश आधी आणि लीफलेटमध्ये थेट पॉइंट द्यायचा तर अक्षांश आधी. उलटं झालं तर सगळं गिरणगाव नॉर्वेच्या वर समुद्रात जातं, माझं गेलं होतं. साइट उभी करायला जेकिल (साध्या फाइल्समधून साइट बनवणारं सॉफ्टवेअर) आणि गिटहब पेजेस (साइट ठेवायची जागा) यांचा धडा आहे, 1 जीबीपर्यंतची साइट फुकट राहते, माझी त्याच्या दहाव्या हिश्शातही नाही. सीएचबीवाल्या माणसाला वर्षाचं होस्टिंग भरावं लागत नाही ही छोटी गोष्ट नाहीये.

आता कमी काय आहे ते. जेकिलसाठी विंडोजवर रुबी (जेकिल जिच्यावर चालतं ती भाषा) बसवणं हा भलताच ताप आहे, धडा वाचूनही मला चार दिवस लागले. काही जुने धडे त्यांनी स्वतःच रिटायर केलेत, तशी पाटी वर असते, ती आधी बघा. मोबाइलवर नुसतं वाचता येतं, करता येत नाही, लॅपटॉप लागतोच. आणि मोठी उणीव म्हणजे देवनागरीचा विचार फारच थोडा. ब्लॉक चार्सचं कुठेच लिहिलेलं नाही. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधल्या जुन्या फाइल्स युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांत, कशा आणायच्या, पानाच्या लँग ॲट्रिब्यूटला, म्हणजे पानाची भाषा सांगणाऱ्या खुणेला, एमआर (मराठी) दिलं की चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणाचा ल आणि श येतो, नाहीतर हिंदीचा येतो, हे सगळं मी इकडून तिकडून गोळा केलं. मोडी तर 2014 मध्येच युनिकोडमध्ये आली, तिच्यावर काम करणारी किती माणसं आहेत आपल्याकडे, त्यांच्यासाठी असा एक तरी धडा हवा ना.

करिअरला उपयोग झाला का, हे पण विचारतात. मागच्या वर्षी एका कॉलेजात इंटरव्ह्यू दिला, पॅनेलमधले एक सर म्हणाले, "मग आता तुम्ही आयटीतच जाणार असाल ना?" मी म्हटलं, "नाही सर, ही यादी साफ झाली नसती तर माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण मला लिहिताच आलं नसतं." ती पोस्ट मिळाली नाही. ते बोलणं मला बरेच दिवस बोचलं, कारण खानावळ कुठल्या गिरणीच्या गेटपासून किती पावलांवर होती हा इतिहासाचाच प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर मला नकाशावर दिसलं. पण त्याच नकाशामुळे एका लायब्ररीने त्यांच्या जुन्या मासिकांच्या सूचीचं काम मला दिलं, पैसे देऊन, आणि तिथे मी शिक्षिका आहे म्हणूनच दिलं, कारण सूचीतलं काय कशाखाली जातं ते मला समजावून सांगावं लागलं नाही.

पाचपैकी साडेचार. अर्धा देवनागरीचा कापला. धडे सीसी-बाय लायसन्सवर आहेत, नाव देऊन भाषांतर करता येतं, तर माझ्या टीवायच्या दोन मुली आणि मी ओपनरिफाइनचा धडा मराठीत आणतोय, सिडनीच्या यादीसोबत आमची खानावळींची यादी पण घालतोय, अर्थात नावं आणि घरांचे पत्ते काढून. तोवर इंग्लिशमधूनच सुरू करायचं असेल तर आधी ओपनरिफाइन, मग जेकिल, पायथन नंतर. आणि मराठी डेटा असेल तर ब्लॉक चार्स 3.