गुळवेल घ्यायचीच तर कोणती: बांधावरची कांडी, डबीतली घनवटी की बाटलीतला रस?

कोल्हापूरच्या आसपास गुळवेलीला तोटा नाही. कडुलिंबावर, आंब्यावर, पडक्या भिंतीवर, उसाच्या बांधावर ती आपसूक चढते. तरीही मेडिकलमध्ये घनवटीच्या डब्या विकल्या जातात, आयुर्वेदिक दुकानात रसाच्या बाटल्या रांगेनं उभ्या असतात आणि काष्ठौषधीवाल्याकडे पुडीत सत्त्व मिळतं. ताप येऊन गेला, सांधे धरले किंवा शुगर थोडी वर आली की घरातलं कोणीतरी म्हणतंच, "गुळवेल घे, काही होत नाही." त्यातलं "काही होत नाही" तेवढं बाजूला ठेवा. घ्यायची की नाही आणि घ्यायची तर कोणत्या रूपात, हे दोन्ही प्रश्न खरे आहेत.

आयुर्वेदात गुडूची किंवा अमृता मुख्यतः रेंगाळलेला ताप, कावीळ, वातरक्त (गाउटसारखं सांध्यांचं दुखणं) आणि प्रमेह (मधुमेहासारखे विकार) यांसाठी सांगितली आहे. वापरायचं ते खोड, म्हणजे कांड. आधुनिक पद्धतीच्या चाचण्या फार नाहीत. त्यातल्या त्यात लक्षात घेण्यासारखी 2005 साली प्रसिद्ध झालेली चाचणी ॲलर्जीच्या सर्दीवर होती. 75 रुग्णांपैकी काहींना आठ आठवडे गुळवेल आणि इतरांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी दिली होती. शिंका, वाहणारं आणि चोंदलेलं नाक यांत गुळवेल घेणाऱ्यांना चांगला फरक पडला. "इम्युनिटी वाढते" हे डबीवरचं वाक्य मात्र इतकं मोघम आहे की त्यावरून औषध निवडू नये.

आता रूपांकडे वळू. सगळ्यात जुनं आणि माझ्या मते अजूनही सगळ्यात चांगलं रूप म्हणजे ताज्या कांडीचा काढा. गुळवेल, अडुळसा, शतावरी अशा काही वनस्पती ओल्याच वापराव्यात, असं शार्ङ्गधरसंहितेत सांगितलं आहे, आणि आपल्याकडे वेल दाराशीच असते. बोटाएवढी जाड, साधारण वीतभर कांडी धुऊन ठेचायची, चार कप पाण्यात घालायची आणि एक कप उरेपर्यंत आटवायची. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या अधिकृत मानकग्रंथात, काढ्यासाठी 20 ते 30 ग्रॅम कांड सांगितलं आहे, ते याच्याशी जुळतं. वाळलेलं चूर्ण वापरणार असाल तर प्रमाण 3 ते 6 ग्रॅम. काढ्याची चव इतकी कडू असते की माणूस उगाच जास्त पीत नाही, हाही एक फायदाच.

अडचण फुकटच्या वेलीची आहे, कारण ओळख चुकू शकते. खऱ्या गुळवेलीचं (टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया) पान पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराचं आणि गुळगुळीत असतं, त्यावर लव नसते. जून कांडीची साल कागदासारखी पातळ सुटते आणि खाली हिरवा गर दिसतो. कांडी आडवी कापली की बैलगाडीच्या चाकाच्या आऱ्यांसारखी नक्षी दिसते, आणि जुन्या वेलीवरून दोऱ्यासारखी मुळं खाली लोंबतात. तिच्याच प्रजातीतली टिनोस्पोरा क्रिस्पा वेगळी आहे. तिच्या खोडावर ठळक गाठी असतात आणि यकृताला इजा करण्याबद्दल तिचं नाव आधीपासून खराब आहे. सह्याद्रीत सापडणाऱ्या आणखी एका भावंडाच्या पानाला लव असते. वासनवेलही याच कुळातली, तिची पानं लहान आणि मऊ लवेची. पान हाताला मखमली लागलं तर ती वेल सोडून द्या. नुसत्या पानाच्या आकारावरून ओळख पटवू नका, कांडी कापून बघा. शंका असेल तर वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना किंवा ओळखीच्या वैद्यांना कांडी आणि पान दोन्ही नेऊन दाखवा.

दुसरी अडचण खास आपल्या भागातली. उसाच्या बांधावर रुंद पानाचं तण मारण्यासाठी तणनाशक फवारतात, आणि गुळवेलीचं पान रुंदच. बांध आपला नसेल तर तिथली वेल घेऊ नये. आपला असेल तरी फवारणी कधी झाली, हे माहीत असल्याशिवाय नको. हायवेच्या कुंपणावरची, धुरानं काळी पडलेली वेलही नको. कडुलिंबावर चढलेली गुळवेल जास्त गुणाची, ही समजूत सगळीकडे आहे. त्यावर वाद घालत नाही, पण माझ्या दृष्टीनं कडुलिंबापेक्षा फवारणी नसलेलं परसू महत्त्वाचं.

घनवटी म्हणजे काढा आटवून आटवून घट्ट केलेला अर्क आणि त्याच्या गोळ्या. ज्यांना रोज ठेचायला वेळ नाही, जे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत शिफ्टला जातात, त्यांच्यासाठी हे रूप सोयीचं. मोजायला सोपी आणि आखूड काळासाठी बरी. ऑक्टोबर 2020 मध्ये आयुष मंत्रालयानं कोविडसाठी उपचारांची रूपरेषा काढली. त्यात गुडूची घनवटी 500 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पंधरा दिवस ते महिनाभर, असं लिहिलं होतं. लोकांनी "दोनदा" लक्षात ठेवलं आणि "महिनाभर" विसरले. शिवाय चव लागत नसल्यामुळे गोळी विसरून दोनदा घेणं सोपं. डबी घेताना मागची बाजू वाचा: वनस्पतीचं शास्त्रीय नाव, कांड वापरलं आहे का, एका गोळीत अर्क किती मिलिग्रॅम, बॅच नंबर, मुदत. संशमनी वटी या नावाखाली काही कंपन्या फक्त गुळवेल देतात, तर काहींच्या कृतीत लोह भस्म, अभ्रक भस्मही असतं. ती दोन वेगळी औषधं समजा.

सत्त्वाबद्दल थोडक्यात. ताजी कांडी कुटून पाण्यात भिजवतात, कुस्करतात, गाळतात आणि तळाला बसलेला पांढरा साका वाळवतात. तो बहुतांशी पिठूळ स्टार्च असतो, निघतो थोडा आणि म्हणून महाग पडतो. त्यामुळे दुसऱ्या कुठल्या स्टार्चची भेसळही सहज होते आणि ती डोळ्यांनी कळत नाही. अंगाचा दाह, तळपायांची आग अशा तक्रारींवर वैद्य ते देतात. त्यांनी सांगितलं तर घ्या, आपल्या मनानं पुडी आणण्यात अर्थ नाही.

बाटलीतला रस माझ्या यादीत सगळ्यात खाली आहे. त्यात वेल किती आणि पाणी किती, हे बहुतेक बाटल्यांवरून समजत नाही. आवळा, कोरफड, तुळस यांच्या मिश्रणात गुळवेल नेमकी किती पोटात जाते, हे तर सांगताच येत नाही. रंकाळ्यावर फिरून आल्यावर रस, दुपारी इम्युनिटी काढा, रात्री घनवटी असा दिनक्रम असणारी माणसं आपल्या गावात नक्की आहेत. त्यांना वाटतं तीन वेगळ्या गोष्टी घेतोय, पण तिन्हींत गुळवेलच असते. अमृतारिष्टाचं वेगळं सांगायला हवं: ते आंबवलेलं असतं आणि त्यात तयार होणारं अल्कोहोल असतं. यकृताचा त्रास असलेल्यानं ते घेऊ नये.

यकृताचा विषय निघालाच आहे, तर तो नीट पाहू. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. पुढच्या वर्षी देशातल्या 13 केंद्रांवरच्या 43 रुग्णांचा अहवाल आला. त्यात त्रास सुरू व्हायला साधारण दीड महिना लागलेला दिसला आणि अनेकांच्या रक्तात स्वतःच्याच शरीराविरुद्ध काम करणारी प्रतिपिंडं सापडली. आयुष मंत्रालयानं हे मानलं नाही. योग्य ओळखलेली गुळवेल सुरक्षित आहे, क्रिस्पाशी गल्लत होऊ शकते, अशी त्यांची भूमिका. मला यात एकाच बाजूला उभं राहायची गरज वाटत नाही. लाखो लोकांनी गुळवेल घेतली आणि बहुतेकांना काही झालं नाही. पण ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच स्वतःच्या अंगावर उलटलेली आहे, त्यांना ती डिवचणारी वनस्पती महाग पडू शकते, हे पटण्यासारखं आहे.

म्हणून असे प्रतिकारशक्ती उलटण्याचे आजार, म्हणजे आमवात (रुमॅटॉइड संधिवात), ल्यूपस, ऑटोइम्यून थायरॉइड, सोरायसिस, तसंच अवयव-प्रत्यारोपण किंवा यकृताचा जुना आजार असलेल्यांनी कोणत्याही रूपात आपल्या मनानं घेऊ नये. सांधे धरले म्हणून आजी गुळवेल सुचवते, पण ते दुखणं आमवाताचं असेल तर नेमकी इथेच गाठ पडते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनीही नको. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर साखर एकदम खाली जाऊ शकते. डॉक्टरांना सांगून घ्या आणि ग्लुकोमीटर जवळ ठेवा. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी थांबवा.

पावसाळ्यात डेंग्यूची साथ आली की प्लेटलेटसाठी गुळवेल पाजायची पद्धत आहे. डेंग्यूतच यकृताची एन्झाइम्स वाढतात, त्यामुळे मग बिघाड कशानं झाला हेच डॉक्टरांना उमगत नाही. त्या आठवड्यात गुळवेल नको; डॉक्टर सांगतील तसं पाणी, ओआरएस आणि रोजची रक्ततपासणी हेच बघा.

माझी निवड विचाराल तर अशी: तब्येत एरवी ठणठणीत, तापानंतरचा अशक्तपणा किंवा ॲलर्जीची सर्दी आणि ओळखीची, फवारणी नसलेली वेल असेल तर दोन आठवडे काढा. वेल नसेल तर एकाच घटकाची घनवटी, तेवढ्याच मुदतीची. महिन्यापुढे न्यायचं असेल तर आधी वैद्यांना विचारा आणि यकृताची रक्ततपासणी, एलएफटी, करून घ्या.

मध्येच भूक मेली, मळमळ सुरू झाली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली किंवा डोळे पिवळे दिसले तर त्याच दिवशी गुळवेल बंद. गुळवेल कावीळीवरही सांगितली आहे म्हणून अशा वेळी काही जण उलट डोस वाढवतात. तसं करू नका, आणि कावीळ उतरवायला कुणाकडे जाऊ नका. सीपीआरला (कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात) किंवा जवळच्या डॉक्टरकडे जाऊन एलएफटी करा आणि जाताना ती डबी किंवा वेलीची कांडी पिशवीत घालून न्या. काय घेत होता आणि किती दिवस, हे डॉक्टर पहिल्यांदा विचारतील.