कोल्हापूर ते नागपूर: पंख्याचे विमान की जेट?

उजळाईवाडीच्या धावपट्टीपासून नागपूरच्या सोनेगाव विमानतळापर्यंतचे सरळ रेषेतील हवाई अंतर सुमारे 700 किलोमीटर भरते. पुणे, मनमाड आणि भुसावळ असा वळसा घेत जाणाऱ्या महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये ज्यांनी पूर्ण एक दिवस काढला आहे, त्यांना हा आकडा फसवा वाटेल.

एटीआर 72 सारखे पंख्याचे विमान ताशी साधारण 500 किलोमीटर वेगाने उडते, तर एम्ब्रेअर 175 सारखे छोटे जेट ताशी 800 किलोमीटरच्या आसपास जाते. नुसता भागाकार केला तर एकाला 84 आणि दुसऱ्याला 53 मिनिटे लागतात. परंतु उड्डाणानंतरची चढण, उतरण्यापूर्वीची वळणे आणि धावपट्टीवरची वाटचाल यांत दोघांचाही वेळ जवळपास सारखाच जात असल्याने प्रत्यक्षात पावणेदोन तास विरुद्ध सव्वा तास असा हिशेब धरावा. म्हणजे फरक अर्ध्या तासाचा, आणि तेवढा वेळ तर विमानतळावरच्या रांगेतही सहज जातो.

जेट अधिक उंचावरून उडत असल्याने पावसाळी ढगांतील हादरे त्यात तुलनेने कमी जाणवतात. पंख्याच्या विमानाला मात्र इंधन कमी लागते आणि आखूड धावपट्टीही पुरते, त्यामुळे अशा मार्गावर अर्धी आसने रिकामी राहिली तरी त्याचा तोटा कमी होतो. प्रवाशाच्या दृष्टीने, माझ्या मते, विमानाच्या प्रकारापेक्षा ते रोज आहे की आठवड्यातून काहीच दिवस, हे आधी पाहावे.