घरी शिकवणी लावून दहा महिने झाले, पोरगं सुधरलं पण खाड्यांचं काय

काल रात्री सरांचा मेसेज आला, मे महिन्याची फी ॲडव्हान्स पाठवा. शाळा बंद, पोरगं मामाकडे सावद्याला, आणि फी कशाची? डोकं फिरलं म्हणून लिहायला बसलो.

आम्ही भुसावळचे. पोरगा सातवीत, सेमी इंग्रजी. आधी क्लासला घातला होता, एका बॅचला चाळीस पोरं, हा मागच्या बाकावर बसून फळ्यावरचं उतरवायचा, वही एकदम चकाचक आणि टेस्टमध्ये २० पैकी ४. मग जुलैपासून घरी येणारे सर लावले, महिना १५०० रु., रविवार सोडून रोज एक तास.

आता मेन मुद्दा, खाडे. मी कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करतो. आजपर्यंत २३. लग्न, पाहुणे, गाडी पंक्चर, डिसेंबरात तर शेतात भरीत पार्टी म्हणून खाडा!! ६० रु. रोजाने १३८० होतात, एक रुपया कापू दिला नाही. वर रोज चहा लागतो, तोही कमी साखरेचा.

पहिले दोन महिने सातवीचं पुस्तक उघडलंच नाही त्यांनी, तिसरीचा भागाकार करत बसले. मी बायकोला म्हटलं, गेले पैसे पाण्यात. नंतर कळलं की याची तिसरी निम्मी कोरोनात मोबाईलवर गेली, हातचा आणि भागाकार तेव्हाच सुटला, आणि वर्गात विचारायची लाज म्हणून पोरगं चार वर्षं नुसतं मान हलवत होतं. चाळीस पोरांत कोणाला दिसणार ते? सर अहिराणीत विचारतात, समजनं का रे, तर हा बिनधास्त सांगतो, नई समजनं.

अपूर्णांकात १/२ + १/३ = २/५ करायचा, वर वर, खाली खाली. सरांनी केळीचा घड काढायला लावला, दहा फण्यांचा. अर्धा म्हणजे ५ फण्या, तुझं उत्तर २/५ म्हणजे ४, मग पाचमध्ये अजून टाकल्यावर चार कशा झाल्या? पोरगं स्वतःशीच हसायला लागलं. मी आतल्या खोलीतून ऐकत होतो, मलाही तेव्हाच समजलं, खोटं कशाला बोलू.

मागच्या टेस्टला १३ आले. इंग्रजीत काही फरक नाही, तो सरांचा विषयच नाही.

हे लिहिता लिहिता बायकोने कॅलेंडर आणून दाखवलं, त्यात तिचे निळे गोल पण आहेत, आपल्या पोराच्या खाड्यांचे. १९. आणि परीक्षेआधी सर तीन रविवार दोन-दोन तास बसले ते मी कुठेच लिहिलेलं नाही. तरी चार दिवस उरतातच, २४० रुपये, पण रविवारचे सहा तास धरले तर उलट दोन तास मलाच देणं निघतं.

मेची फी पूर्ण नाही देणार. अर्धी देऊ का, कोणी देतं का तुमच्याकडे?