भौमितिक बीजगणित : आठ महिने रोज वापरल्यावर

नाशिकला कॉलेज रोडवर मी बारावी आणि बीएस्सीच्या मुलांना फिजिक्स शिकवते. गेल्या दिवाळीनंतर ठरवलं, विद्युतचुंबकत्वाचं सगळं गणित स्वतःपुरतं नेहमीचे सदिश (लांबी आणि दिशा असलेले बाण) सोडून भौमितिक बीजगणितात करून बघायचं, म्हणजे जिथे बाणांसोबत प्रतलाचे तुकडेही राशी म्हणून वापरता येतात अशा बीजगणितात. आठ महिन्यांत दोन जाड वह्या भरल्या.

कारण जुनंच. उजव्या हाताच्या अंगठ्याचा नियम (बोटं वेटोळ्यातल्या प्रवाहाच्या दिशेने वळवली की अंगठा चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवतो) आला की दरवर्षी कोणीतरी विचारतंच, "मॅडम, डावा का नाही?" मी "तसं ठरलंय" म्हणून पुढे जायचे, आणि ते उत्तर मलाच टोचत राहायचं. निसर्गाला कुठे हात आहेत?

सातपूरच्या एका रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची तार आणली. वेटोळं करून आरशाला समांतर धरलं. प्रवाहाची दिशा लाल चिकटपट्टीच्या बाणाने दाखवली, आणि चुंबकीय क्षेत्र म्हणून मधोमध एक कागदी बाण, टोक आरशाकडे. आरशातही लाल बाण त्याच दिशेने फिरतो. म्हणजे नियमाप्रमाणे तिथलं क्षेत्रही माझ्यापासून दूरच जायला हवं. पण कागदी बाण उलटून माझ्याकडे रोखलेला! त्या संध्याकाळी मी कितीतरी वेळ ते वेटोळं धरून उभी होते. चुंबकीय क्षेत्र मुळात बाण नाहीच. तो फिरण्याची दिशा असलेला प्रतलाचा तुकडा आहे, बायव्हेक्टर. तसा मानला की आरशाशी भांडण उरत नाही.

ही कल्पना नवी नाही. ग्रासमन या गणितज्ञाने १८४४ मध्ये पाया घातला, क्लिफर्ड या दुसऱ्या गणितज्ञाने १८७८ मध्ये त्यावर हे बीजगणित उभं केलं आणि पुढच्याच वर्षी तो गेला, अवघ्या ३३ व्या वर्षी. मग गिब्ज आणि हेविसाइडचे सुटसुटीत सदिश रुळले. हेस्टेनिसने १९६६ मध्ये क्लिफर्डचं बीजगणित पुन्हा अवकाश-काळासाठी मांडलं.

विद्युतचुंबकत्वाचे नियम मांडणाऱ्या मॅक्सवेलच्या १८६५ च्या लेखात २० समीकरणं होती, हेविसाइडने ती चारांवर आणली. भौमितिक बीजगणितात विद्युत आणि चुंबकीय क्षेत्र एकाच राशीत बसतात आणि समीकरण एकच उरतं. ते उलगडलं की अदिश (दिशा नसलेल्या, नुसत्या आकड्याच्या) भागातून गाउसचा नियम निघतो, सदिश भागातून अँपिअर-मॅक्सवेलचा, बायव्हेक्टरमधून फॅरेडेचा, आणि उरलेल्या भागातून 'चुंबकाचा सुटा ध्रुव नसतो' हा. हे पहिल्यांदा स्वतःच्या हाताने निघालं तेव्हा डोळ्यांत पाणी आलं.

अडचणीही सांगते. गुणाकाराचा क्रम बदलला की उत्तर बदलतं. पहिले दोन महिने चिन्हांच्या चुका शोधण्यातच गेले. पदार्थाच्या आतल्या क्षेत्रांसाठी एकाच समीकरणावर भागत नाही. परीक्षेत क्रॉस प्रॉडक्टच (दोन सदिशांचा उजव्या हाताच्या नियमावर चालणारा नेहमीचा गुणाकार) लिहावा लागतो, त्यामुळे मुलांना मी तोच शिकवते. आणि आकडे तेच येतात, नवं भौतिकशास्त्र हाती लागत नाही. मूलकणांचं वर्णन करणाऱ्या क्वांटम क्षेत्र सिद्धांताच्या पायातली खरी भेग, म्हणजे तो गणिताने काटेकोर उभा करण्याचा, २००० साली दहा लाख डॉलरचं बक्षीस लागलेला यांग-मिल्सचा प्रश्न, याने बुजत नाही. गणितं भराभर सोडवायला कोणी हे घेणार असेल तर घेऊ नका. आपण काय लिहितोय हे कळावं असं वाटत असेल तर सहा महिने द्याच.

यंदा जूनमध्ये तोच प्रश्न आला. मी वेटोळं आणि आरसा काढला. प्रश्न विचारणारी मुलगी बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "मग सगळीकडेच डावा वापरला तर?" फळ्यावर दोन समांतर तारा काढल्या, प्रवाह एकाच दिशेने. क्षेत्रालाही डावा हात, बलालाही डावा. उजव्या हाताने येतं तसंच, तारा एकमेकींकडेच ओढल्या गेल्या.