कथा की चित्र? आधी क्रियापद बघा

नागपूरच्या फुटाळा तलावाच्या काठावर एक आजोबा बसलेत, बाजूला चहाचे दोन कप. हा विषय मनात घर करून असेल, तर कथा लिहायची की चित्र काढायचं हे ठरवण्याआधी तो एका वाक्यात लिहा आणि त्यातलं क्रियापद बघा.

‘मित्र शेजारी बसलाय’ हे चित्रात येतं. पण ‘मित्र यायचा’, ‘येणार होता’, ‘आला असता तर’, ‘आलाच नाही’ या चौघांचं चित्र एकच: रिकामी जागा आणि भरलेला कप. चहावर धरलेली साय रंगवली तर बराच वेळ गेला एवढं कळेल. पण तो आजच आला नाही की तीन वर्षांपासून येत नाही, आणि तरी आजोबा दोन कप का घेतात, हे फक्त कथाच सांगते. रिकाम्या जागी मित्राची काठी आणि चष्मा ठेवायचा मोह होतो, तो टाळा. बघणारा ‘गेला बिचारा’ म्हणून मोकळा होतो आणि बाकीच्या शक्यता तिथंच संपतात.

चित्राला काळ दाखवताच येत नाही, असं मात्र नाही. अजिंठ्याच्या १७ क्रमांकाच्या लेण्यात विश्वंतर जातकातला (बुद्धाच्या पूर्वजन्माच्या कथेतला) राजपुत्र एकाच कथाचित्रात पुन्हापुन्हा दिसतो, प्रसंग पुढे सरकत जातात. तरीही ‘हे घडलं नाही’ असं ती भिंत म्हणू शकत नाही.

उलट, विषय संत्र्याचा असेल तर कुंचलाच घ्या. आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावर येणाऱ्या फळावर हिरवट छटा नारिंगीत कशी मुरते, ते डोळा एका नजरेत टिपतो. शब्द एकामागून एक येतात; शेवटच्या छटेपर्यंत पोचेस्तोवर पहिली विसरलेली असते. कथेत रंगाला दोन ओळी पुरेत, पुढे ते संत्रं कुणीतरी सोललं पाहिजे.

तरी अडलंच, तर पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच कच्ची रेखाटनं करा आणि शीर्षक न सांगता कुणाला तरी दाखवा. ‘आवडलं का?’ नको, ‘काय दिसतंय?’ विचारा. उजेड, बसण्याची ढब, पाणी यांबद्दल ते आपणहून बोलले तर चित्र काढा. पाचही वेळा तुम्हालाच समजावून सांगावं लागलं तर लिहायला बसा.

चित्रच ठरलं आणि जलरंगात प्रत्यक्ष काठावर करायचं असेल, तर मे महिन्यात सकाळी सातच्या आत पोचा, कागद मागच्या बाजूनंही भिजवून घ्या. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, पसरण्याआधीच सुकतो आणि पाण्यावर नको तिथं कडक कडा उमटतात.